पवनशेठची वाट

कंपनी दरीपलीकडच्या सड्यावर, तिकडच्या उघड्या पठारावर, गेल्याची बातमी मोरवळ्यात सोमवारी, भर बाजारात आली. ती आणली एसटीच्या कंडक्टरने. पारापाशी गाडी थांबली तसा तो नानासोच्या दुकानात तंबाखूला आला आणि चुना मळता मळता सहज बोलून गेला.

"तुमची कंपनी तिकडं लागली की, नानासो. पलीकडच्या सड्यावर खांब रवायचं चाललंय. जीपा काय, माणसं काय!"

नानासोच्या हातातल्या तागडीत हुलगे होते. पारडं तसंच लोंबत राहिलं.

"कुठली कंपनी?"

"तीच की. तुमी बँड लावून आणलीवती ती."

कोंडीबा मिठाची पुडी घ्यायला पायरीवर उभा होता. त्याने पुडी घेतली, धोतराच्या सोग्यात बांधली आणि घरी जायचं सोडून तिथंच बसला. घरी बोलायला कोणी नव्हतं. बायको आक्काताई मागच्या पावसाळ्यात गेली. पोटात दुखतंय म्हणून कराडला नेली, ती तशीच परत आणली. लेक कुंडलला दिलेली, तिचा तिला संसार. मुलगा मानसिंग वाशीच्या बाजारात पोती उचलत होता. आईच्या दिवसांना आला होता तेव्हा जाताना म्हणाला होता, "आबा, गावात कायबी काम निघू द्या, मी दुसऱ्या दिवशी हितं हाय. मला तिकडं न्हाई करमत." तेव्हापासून कोंडीबाने ही कंपनी मनात धरून ठेवली होती. कंपनी आली की पोरगा आला. दुसरं त्याला काही नको होतं.

"पर गेली कशानं?" त्याने विचारलं.

"तिथला सायेब सांगत हुता," कंडक्टर म्हणाला, "मोरवळ्याला वारंच न्हाई. मग पवनचक्की काय करायची तिथं?"

"पवन काय?" नानासो म्हणाला.

"चक्की. पवन म्हंजे वारं. वाऱ्यावर इज काढत्यात."

कंडक्टरने तंबाखू दाढेत धरली आणि गाडी सोडायला निघून गेला. हुलगे घ्यायला आलेली म्हातारी तेवढी म्हणाली, "बघ रं बाबा नानासो, तुझं पवनशेठ कोन निघालं ते!"

नानासो उपसरपंच होता. तालुक्याच्या मीटिंगला तोच जायचा, कारण सरपंच मायाताईंना बोलवायला तिथले लोक हटकून विसरायचे. मायाताई बौद्धवस्तीतल्या, अंगणवाडी चालवायच्या, राखीव जागेवर निवडून आलेल्या. तर मीटिंगहून नानासोने शब्द आणला होता, पवनऊर्जा. पारावर त्याने सगळ्यांना समजावून सांगितलं होतं, "पवन हे शेठचं नाव. मारवाड्यात आसत्यात पवन. साताऱ्याला भांड्याच्या दुकानात एक हाय. आन ऊर्जा ही त्येची कंपनी." मायाताईंनी एकदा शंका काढली होती, पण नानासोपुढे शंका टिकत नसे. मग कापडी फलक रंगवला गेला, 'मा. पवनशेठ यांचे मोरवळे नगरीत सहर्ष स्वागत'. दिवाळी सरल्यावर कंपनीचे साहेब आले तेव्हा बँड वाजला, नारळ फुटले, सुवासिनींनी ओवाळलं. सड्यावर फिरताना साहेबांनी विचारलं, वारं कसं असतं इथं? आणि नानासोपासून गुराख्यापर्यंत सगळे एका तोंडाने म्हणाले, वारं? छ्या! पान हलत न्हाई.

त्याला कारण होतं. मोरवळ्याला वाऱ्याची लाज वाटायची. सड्यावरून वारं सुटलं की घरावरचे पत्रे जायचे, गवताच्या गंजी जायच्या, चुलीतला जाळ घरभर व्हायचा. असल्या गावात पोरगी कोण देणार? म्हणून मुलीकडच्या पाहुण्यांना बोलवायचं ते दिवाळीच्या सुमाराला, वारं पडलेलं असताना. कोणी विचारलंच तर मान हलवून 'छ्या' म्हणायचं, हे गावात सगळ्यांना पाठ होतं. कंपनीलाही गावाने स्थळासारखंच बोलावलं होतं.

आक्काताईला अशीच करून आणली होती. पहिल्या आषाढात पत्र्यावर धोंडे ठेवून ठेवून तिच्या हाताची सालटी निघाली, तेव्हा ती कोंडीबाला म्हणाली होती, "एवढं मोठं वारं लपवलंत व्हय तुमी समद्यांनी मिळून?"

दोन दिवसांनी मायाताई, नानासो आणि कोंडीबा पलीकडच्या सड्यावर गेले. एसटीने पायथ्यापर्यंत आणि तिथून चालत. नानासोला धाप लागत होती. कोंडीबाला कोणी बोलावलं नव्हतं, तो आपला मागून गेला.

साहेब तंबूसमोर खुर्ची टाकून चहा पीत बसले होते. वर्धमान पाटील त्यांचं नाव. सांगलीकडचे जैन, वयाने मानसिंगपेक्षा थोडेच मोठे. तिघांना बघून ते उठले.

"या या. काय पवनशेठ?" नानासोकडे बघून ते हसले.

नानासोने टोपी काढली आणि परत घातली.

"साहेब, आमचं चुकलं," मायाताई म्हणाल्या. "आमच्या गावात वारं हाय. लय हाय."

"कधीपासून?"

"पयल्यापासनं."

"मग तेव्हा 'छ्या' का म्हणालात?"

"आमाला वाटलं, तुमी कारखाना काडनार," नानासो म्हणाला. "वारं हाय म्हटल्यावर कोन काडंल?"

"आणि तो फलक? मला वाटलं गावाने वाऱ्यालाच शेठ केलंय. केवढं डोकं चाललं म्हणून मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. तुम्हाला विचारलंसुद्धा, शेठ आहेत का सड्यावर? तुम्ही म्हणालात, अजून पाय लागलं न्हाईत त्यांचं!"

मायाताईंनी पदर तोंडाला लावला. हसू आलं होतं की रडू, हे कोंडीबाला समजलं नाही. साहेब मात्र हसायचे थांबले. म्हणाले, "हे बघा, आमचं काम मोजण्यावर चालतं. एका सड्यावर वारं मोजायचा खांब लावायचा होता, इथं लावला. आता सगळेच म्हणतील, आमच्याकडं वारं आहे."

नानासो हात जोडून काहीबाही बोलू लागला. कोंडीबा मागे उभा होता. तो पुढे आला.

"सायेब, तुमी आषाढात माझ्या घरी येऊन ऱ्हावा. वारं किती हाय ते माझी बायको सांगती तुमाला. तिची समदी उमर घराची भोकं बुजवण्यात गेली."

"मग त्यांनाच घेऊन यायचं होतं बरोबर."

"ती न्हाई आता."

साहेबांनी कप खाली ठेवला. थोडा वेळ ते दरीपलीकडे मोरवळ्याच्या सड्याकडे बघत राहिले. तिथं नुसतं वाळलेलं गवत आणि काळा खडक.

"एक खांब शिल्लक आहे माझ्याकडं," ते म्हणाले. "पण तुमच्याकडं वर जायला रस्ता नाही."

"खांद्यावं न्हेतो की," कोंडीबा म्हणाला.

चैत्रात तो खांब वर गेला. लोखंडी नळ्यांचे तुकडे होते, एकात एक बसणारे. घाटीच्या पायवाटेने चौघे चौघे मिळून एकेक नळी नेत. ऊन असं की नळीला उघडा हात लागला तर फोड यायचा. खांद्यावर चुंबळ ठेवायची, वर नळी, आणि पुढचा थांबला की मागच्याने शिव्या द्यायच्या. नानासोनेही एक खेप केली. अर्ध्या वाटेत तो बसला आणि म्हणाला, "गड्यांनो, माझ्या तोंडानं एवढं वजन चडवलं व्हय तुमच्यावर!" पण उठला आणि वर गेला.

खांब उभा झाला, तारांनी चहूकडून ताणला. टोकाला तीन वाट्या होत्या, पळीएवढ्या, वाऱ्यावर गरगर फिरणाऱ्या. गुरं चारायला गेलेली माणसं खाली येऊन सांगायची, "आज वाट्या लय पळाल्या." वारं पडलं की गाव काळजीत पडायचं. जन्मभर वाऱ्याला शिव्या घातलेल्या बाया आता दारात उभ्या राहून म्हणायच्या, "सुटंना का गं अजून?"

आषाढात सुटलं. साहेब तेव्हा खरोखरच कोंडीबाच्या घरी येऊन राहिले. सकाळी दोघे सड्यावर चढले तेव्हा पाऊस आडवा चालला होता. वरच्या माथ्यावर पाय टाकला आणि वाऱ्याने साहेबांना दोन पावलं मागे नेलं. त्यांनी कोंडीबाचा खांदा धरला. वाट्या दिसत नव्हत्या, तिथं नुसती एक धूसर चकती दिसत होती. साहेबांच्या चष्म्यावरून पाणी ओघळत होतं. ते तोंड उघडून हसत होते आणि काहीतरी ओरडत होते, ते कोंडीबाला ऐकू येत नव्हतं. त्याच्या कानाशी तोंड नेऊन ते पुन्हा ओरडले, "कोंडीबा, केवढं वारं आहे हो तुमच्याकडं!"

कोंडीबा त्या माणसाच्या तोंडाकडे बघत राहिला. जत्रेत देवाचं दर्शन झालेली माणसं अशी बघतात. याच वाऱ्यात तो जन्मला, याच वाऱ्यात म्हातारा झाला. आज पहिल्यांदा तो त्यात काही काम नसताना उभा राहिला. खालून, दरीतून, ते वर येत होतं, आणि त्याला शेवट नव्हता.

दिवाळीनंतर कळलं की कंपनी मोरवळ्याला येणार. पारावर गुलाल उधळला. घाटीच्या पायवाटेचा रस्ता करायला माणसं लागली. कोंडीबाने मुंबईला निरोप धाडला. मानसिंगचा उलटा निरोप आला, बाजारातला हिशेब मिटवून येतो.

रस्त्याचं काम गावापर्यंत आलं तेव्हा एक दिवस साहेबांनी बांबू मागवले. एकापुढे एक बांधून त्यांनी एक लांबच लांब काठी करून घेतली. चक्कीचं पातं एवढं लांब असतं, म्हणाले, आणि ते मधे कुठं वाकत नाही. पुढे दोन गडी, मागे दोन गडी, अशी ती काठी बाजारपेठेतून निघाली. पोरंसोरं, म्हातारी माणसं, सगळं गाव पाठीमागे. ज्योतिबाच्या सासनकाठीला असतात तशी. नानासोच्या दुकानावरून काठी नीट गेली. शाळेवरून गेली. पारापाशी वळायला लागली तेव्हा मधला बांबू एका भिंतीवर खर्रकन घासला आणि शेणाच्या सारवणाची खपली पडली.

ती कोंडीबाच्या घराची भिंत होती. समोर गावचा आड होता. मागे-पुढे करून पाहिलं, तिरकी धरून पाहिली. दर वेळेला बांबू तिथंच लागत होता.

गडी काठी खांद्यावर घेऊन उभे राहिले. साहेबांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा कोंडीबाकडे, आणि मग ते खाली रस्त्याकडेच बघत राहिले. भिंतीच्या आत आक्काताईची चूल होती.

संध्याकाळी मायाताई आल्या. त्या नेहमीसारख्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या. आक्काताई होती तेव्हा त्यांचा चहा बाहेरच यायचा, कडेच्या कोनाड्यातल्या कपात. त्यावर त्या घरात कधी कोणी काही बोललं नव्हतं.

"आत या," कोंडीबा म्हणाला.

"हितनंच बोलते, दादा."

"आवं, जे मागायला आलाय ते आत हाय. बघून तर घ्या."

मायाताई आत आल्या, स्वयंपाकघरापर्यंत. चुलीवर भाताचं पातेलं होतं. भिंत वरपर्यंत धुराने काळी झाली होती आणि चुलीमागे तर काळी कुळकुळीत, तव्यासारखी. कोंडीबाने पाट दिला. चहा टाकला. दोघांनी तो तिथंच चुलीपाशी बसून घेतला. मायाताईंनी कप दोन्ही हातांत धरला होता. बराच वेळ त्यांनी तोंडाला लावला नाही.

"कंपनी म्हंती, पुन्यांदा विटंत बांधून देऊ," त्या म्हणाल्या. "सिमिटात."

"व्हय."

"मी काय तुमाला तोडा म्हनत न्हाई, दादा. आमच्या लोकांची घरं कुनी इचारून हलवली न्हाईत कवा. मला म्हाईत हाय कसं लागतं ते. तुमी न्हाई म्हना, मी तसंच जाऊन सांगते. नानासो ओरडंल, ओरडू दे."

कोंडीबा चुलीत काटकी सारत राहिला.

"मानसिंगला सांगितलंय का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. सांगितलं तर यायचा न्हाई तो."

बाहेर बाजार उठत होता. कोंडीबाने पातेलं उतरवलं, झाकण उघडून भात शिजला का बघितलं.

"दुसऱ्याला हात लावू देऊ नका," तो म्हणाला. "मी काडतो."

सकाळी त्याने आधी चूल काढली. ती उचलायची म्हणून त्याने चहूकडून कुदळीने माती सुटी केली, खाली हात घातले आणि उचलली. अर्ध्यात तिचे दोन तुकडे झाले. आतली माती विटेसारखी लाल भाजली होती. तुकडे त्याने घरामागच्या परड्यात नेऊन ठेवले.

मग भिंत. वरचे धोंडे पहारीने हलले. घमेल्यात माती भरायची, बाहेर टाकायची. काजळी नाकातोंडात गेली. पाचव्या-सहाव्या थरापाशी दोन दगडांच्या फटीत काहीतरी हिरवं दिसलं. त्याने बोट घालून ओढलं. लुगड्याची चिंधी निघाली, हातभर लांब, घट्ट पिळलेली. खालच्या फटीत दुसरी होती, तांबडी. तिच्या शेजारी तिसरी. जिथं जिथं फट होती तिथं तिथं चिंधी होती, वरून माती आणि शेण. दरसाल आषाढाच्या आधी ती भिंतीला तोंड करून बसायची, हे त्याला माहीत होतं. पण एवढ्या असतील असं त्याला कधी वाटलं नव्हतं. लग्नातलं होतं त्यात, लेकीच्या बारशाचं होतं, कराडला नेताना नेसली होती तसलंच एक होतं. एकेक चिंधी ओढली की तिच्या जागेतून वारं आत यायचं, बारीक शिट्टीसारखं. तो हातातली पहार टेकवून उभा राहिला. सगळ्या फटी वाजत होत्या.

दुपारी नानासो हातभार लावायला आला. चिंध्यांच्या ढिगाला त्याने वळसा घातला. मग अंगरखा काढून घमेली उचलू लागला.

ट्रेलर आला त्या दिवशी बाजार नव्हता, तरी आसपासच्या वाड्यांची माणसं पहाटेपासून पारापाशी बसली होती. आधी पोलिसांची जीप आली. मग लांबून एक घरघर. मग वळणावरून ते पातं दिसलं.

पांढरं होतं. लोक उठून उभे राहिले. ते यायला लागलं आणि येतच राहिलं, पुढचा गाडीचा भाग शाळेपाशी आला तरी मागचं टोक वेशीबाहेर होतं. कुठं जोड नाही, खिळा नाही, अंगावर एक रेघ नाही. बुडाला गाडीच्या चाकाएवढं जाड आणि टोकाला केळीच्या पानासारखं निमुळतं. माणसाने हे केलंय हे पटत नव्हतं. एका म्हातारीने पायातली वहाण काढून ठेवली.

कोपऱ्यावर गाडी थांबली. ड्रायव्हर परमुलखातला होता, डोकं बाहेर काढून हिंदीत ओरडत होता. साहेब चालत पुढे आले आणि हाताने खूण केली. गाडी इंचाइंचाने वळू लागली. मधला भाग रस्ता सोडून आत आला, कोंडीबाच्या घरात, जिथं भिंत होती तिथून, जिथं चूल होती तिच्यावरून. कोंडीबा आतल्या खोलीच्या दारात उभा होता. ते त्याच्या समोरून हात लांब केला तर लागेल एवढ्यावरून चाललं होतं. त्याच्या पांढऱ्या अंगावर आढ्याच्या काळ्या वाशांची सावली सरकत होती. त्याला काही ऐकू येईना. त्याने हात लावला. थंड होतं, आणि आतून जरासं थरथरत होतं, म्हशीच्या पोटाला हात लावल्यावर आत वासरू हलावं तसं.

टोक बाहेर गेलं आणि समोर रस्त्यावर मानसिंग दिसला. ट्रेलरमागे एसटी अडकून राहिली होती. तिच्यातून उतरून, खांद्यावर पिशवी टाकून तो चालत आला होता. तो घराकडे बघत होता. रस्त्यावरून थेट आतलं दिसत होतं, मडक्याची उतरंड, आईची पाटा-वरवंट्याची जागा, आणि दारात बाप.

"आबा," तो म्हणाला. "आयची चूल?"

कोंडीबाने ट्रेलरकडे बोट दाखवलं. मानसिंग वळला आणि बघू लागला. ते आता घाटीला लागलं होतं, चढत होतं, गावाच्या सगळ्या घरांच्या वर. तो बघतच राहिला. त्याची पिशवी खांद्यावरून कोपरावर आली, तरी त्याचं लक्ष नव्हतं. मग त्याने ती बापाच्या हातात दिली, आणि गडी दगड लावत चाकांमागे चालले होते त्यांच्यात जाऊन तोही दगड लावू लागला.

चक्क्या उभ्या राहिल्या. शिमग्याच्या सुमाराला पहिली फिरली. सारं गाव अंगणात माना वर करून उभं होतं. तीन हात होते तिला, हळू हळू, एकामागून एक वर येणारे. नानासो काहीतरी बोलेल म्हणून लोक त्याच्याकडे बघत होते, पण तो टोपी हातात घेऊन वरच बघत होता. वारं होतं तेच होतं. आता ते दिसत होतं.

मानसिंगला सड्यावर राखणीचं काम लागलं. तो सकाळी भाकरी बांधून जातो, दिवस मावळता येतो. भाकरी कोंडीबा परड्यात तीन दगडांवर करतो, वारं असलं की ती एका बाजूने कच्ची राहते, आणि पोरगा ती मुकाट्याने खातो.

कंपनीने विटा आणून टाकल्या आहेत. सिमेंटची पोतीही आली. आधी म्हणाले अजून गाड्या यायच्या आहेत, कोपरा मोकळा ठेवा. मग पाऊस आला. गाड्या येऊन आता बरेच दिवस झाले. मायाताई जाता येता विचारतात, दादा, गवंडी पाठवू का? कोंडीबा म्हणतो, पाठवा सवडीनं. सड्याचं वारं त्या वाटेने सरळ घरात येतं.

भिंत अजून घातलेली नाही.